बाई म्हणाली, केस म्हणाला

कुंदाताईंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. आधी भांगाकडे पाहिलं, मग कानामागे, आणि विचारलं, ''रंग लावून महिना झाला का काकू?''

महिना आणि दोन दिवस झाले होते. पण ''मी रंग लावत नाही,'' असं मी ठणकावून सांगितलं. त्या नुसतं ''हो का'' म्हणाल्या आणि माझ्या भुवया करायला घेतल्या. तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते, नुकतीच शाळेतून निवृत्त झालेली. म्हणजे अक्कल यायच्या वयाला अजून बराच अवकाश होता. आता बहात्तरी गाठली आहे, तरी वाट पाहणं चालूच आहे.

मनीषनगरात आमच्या शेजारच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर त्यांचं दोन खोल्यांचं पार्लर होतं. तिथे जायला एकोणीस पायऱ्या. एवढा नेमका आकडा मला का ठाऊक, ते पुढे येईलच. बाहेर पत्र्याची पाटी, आत दोन खुर्च्या, डोकं मागे टाकून केस धुवायचं एक बेसिन आणि खिडकीजवळ एक स्टूल. त्या खिडकीला पडदा नव्हता. केसाचा खरा रंग ट्यूबलाइटखाली कधी दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. आलेल्या बाईला आधी स्टुलावर बसवायचं, उन्हात केस उलगडून पाहायचे, आणि मगच खुर्ची.

नागपुरात केस रंगवून देणारे गल्लोगल्ली आहेत. चढलेला रंग उतरवून देणारं माणूस मी तरी एकच पाहिलं. कुठे कुणाचे केस भोपळ्यासारखे पिवळे झाले, कुणाच्या डोक्यावर तीन रंगांचे पट्टे उमटले, की ती पोरगी ओढणीनं डोकं झाकून, मैत्रिणीचा हात धरून त्या एकोणीस पायऱ्या चढायची. कुंदाताई तिला कधी रागवायच्या नाहीत. ''होऊन जाईल'' असंही म्हणायच्या नाहीत. ''पाहू,'' म्हणायच्या. त्या एका शब्दावर पोरी अर्धं रडणं तिथेच थांबवायच्या.

गंमत म्हणजे त्यांनी स्वतः केसाला कधी काही लावलं नाही. कपाळावर चार बोटं रुंदीची पांढरी बट होती, ऐन तिशीत आलेली. पार्लरवालीचं डोकं असं कसं, म्हणून बायका टोकायच्या. मीही टोकलं होतं. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, ''काकू, दिवसभर लोकांचं उतरवतो. घरी जाऊन आपलं कोण उतरवत बसन?''

त्या उमरेडच्या, विणकरांच्या घरातल्या. वडील मागावर बसायचे नाहीत, ते सूत रंगवायचे. अंगणात चुलीवर मोठी घंगाळं, दोरीवर वाळणाऱ्या लाल-हिरव्या लडी आणि कोपरापर्यंत रंगलेले वडिलांचे हात, असं सगळं त्या सांगत. केसांना त्या सूतच म्हणायच्या. ''सूत थकलं आहे.'' ''सूत चांगलं आहे, हात वाईट लागला.'' ओला केस दोन बोटांत धरून हळूच ताणायच्या. ताणून परत जागेवर आला तर जिवंत, लांबतच गेला तर संपला. हे करताना डोळे मिटलेले. शाळेत मी मुलांना प्रयोग डोळे उघडे ठेवून करायला लावत असे. त्या डोळे मिटून करायच्या आणि त्यांचा प्रयोग चुकत नसे.

त्या अकरा वर्षांच्या असताना वडिलांनी एकदा लाल लडींचा रंग काढायला घेतला. गिऱ्हाइकाला पोपटी हवा होता आणि दोन दिवसांत हवा होता. वडिलांनी औषध कडक केलं. रंग गेला, सूत दुधासारखं पांढरं निघालं. सगळे खूश. पण तेच सूत मागावर चढलं आणि धोटा फेकला की तुटायला लागलं. तुटलेले धागे जोडायला आठवडाभर कुंदाताई मागाखाली बसल्या होत्या. ही गोष्ट त्या हसत सांगायच्या, पण शेवटचं वाक्य सांगताना हसत नसत. ''त्या आठवड्यात मले समजलं काकू. रंग काढाचा नसते, सूत वाचवाचं असते.''

एकदा माझ्यासमोर एक मुलगी आली. केस कोळशासारखे रंगवलेले, आणि हवे होते परदेशी बाईसारखे सोनेरी. तेही दुसऱ्या दिवशीपर्यंत, कारण कसलासा समारंभ होता. कुंदाताईंनी सांगितलं की चार-पाच महिने लागतील, चार-पाच वेळा यावं लागेल. मुलगी वाद घालायला लागली, दुसरीकडे एका दिवसात करून देतात म्हणाली. कुंदाताईंनी वाद घातला नाही. मानेवरून एक बारीक बट कापली, तिला एका दिवसाचं कडक औषध लावलं आणि चहा प्यायला बसल्या. पाऊण तासानं ती बट धुतली. खरंच सोनेरी झाली होती. मुलीचा चेहरा फुलला. कुंदाताईंनी बट तिच्या तळहातावर ठेवली आणि विंचरायला सांगितलं. पहिल्याच फणीला तिचा भुगा झाला. मुलगी तो भुगा रुमालात बांधून घेऊन गेली, आणि पुढच्या महिन्यात मुकाट्यानं हजर झाली.

आणि त्यांची वही. रेघांची लांब वही, तिला खाकी कव्हर. आलेल्या प्रत्येक डोक्याची चिमूटभर बट पांढऱ्या दोऱ्यानं बांधून त्यात चिकटवलेली, जसे वडील प्रत्येक रंगाचे नमुने लडीला बांधून ठेवायचे. बटेशेजारी दोन रकाने. एकाच्या डोक्यावर लिहिलेलं, 'बाई म्हणाली'. दुसऱ्याच्या डोक्यावर, 'केस म्हणाला'. मी चोरून वाचलं आहे. बाई म्हणाली, एकदाच लावला. केस म्हणाला, सहा थर. बाई म्हणाली, नैसर्गिक आहे. केस म्हणाला, आठ महिन्यांपासून नाही.

आता माझं पान.

माझी मुलगी मीनल तेव्हा पुण्याला नोकरीला होती. तिचं लग्न ठरलं कुहीच्या मुलाशी. शेतीवाडी असलेलं घर, धानाची शेती, दारात दोन ट्रॅक्टर. मे महिन्यातलं लग्न. मीनल दहा दिवस आधी घरी आली ती कमरेपर्यंतच्या केसांना वाइनचा रंग देऊन. तिला शोभतही होता, आज कबूल करते. पण तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे कुहीची सगळी मंडळी मांडवात माना वळवून बघताना दिसायला लागली. मी तिच्या मागे लागले, की काळे कर. पार्लरचा काळा रंग तिला नको होता, त्यानं डोकं खाजतं म्हणाली. मग मी तिला सांगितलं, की रामटेकच्या मामीच्या अंगणातली मेंदीची पानं आहेत, आत्ताच वाटली आहेत, शुद्ध, बिनधास्त लाव.

रामटेकहून पानं आली होती, हे खरं. पण त्यानं केस काळे होत नाहीत, हे मलाही माहीत होतं. म्हणून मी त्यात आठवडी बाजारातून आणलेली काळ्या मेंदीची सुटी पुडी कालवली. एकदा लावून समाधान झालं नाही, म्हणून दोनदा. सकाळी टोकं लालसर दिसली, म्हणून तिसऱ्यांदा. पुडीचा कागद तांदळाच्या डब्यात लपवला. तीस वर्षं विज्ञान शिकवलेली बाई मी. पुडीवर घटक लिहिलेले नसले तर वस्तू वापरू नये, हे वाक्य मी किती वर्गांकडून पाठ करून घेतलं असेल.

केस काळे झाले. पण कसे, तर चुलीवरच्या तव्याच्या बुडासारखे. उन्हात टोकं हिरवी दिसत होती. कपाळावर डाग पडला तो निघेना. मीनल आरशासमोर बसून ढसाढसा रडली. लग्नाला आठ दिवस उरले होते. मी तिला कुंदाताईंकडे नेलं.

स्टूल, खिडकी, ऊन. कुंदाताईंनी बराच वेळ केस हातात धरून ठेवले. मग विचारलं, ''काय लावलं?''

मीनल म्हणाली, ''आधी पुण्यात रंग. मग आईनं मेंदी.''

''कोणती मेंदी, काकू?''

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, ''शुद्ध. रामटेकची पानं.''

कुंदाताईंनी मान हलवली. चढलेला रंग काढायचा तर औषध लावावं लागेल, पण आधी तपासू, असं म्हणून त्यांनी कानामागची एक बट कापली आणि मीनलला कपाळावरचा डाग खोबरेल तेलानं पुसायला आतल्या खोलीत पाठवलं. काचेच्या वाटीत दोन बाटल्यांतलं औषध ओतलं आणि बट त्यात सोडली. आम्ही दोघी वाटीकडे बघत बसलो. थोड्या वेळानं बटेभोवती बुडबुडे यायला लागले. मग एक उग्र, जळका वास.  कुंदाताईंनी माझा हात धरला आणि तळहात वाटीला लावला.

वाटी चहाच्या कपासारखी तापली होती.

उष्णता बाहेर टाकणारी अभिक्रिया. व्याख्या लिहा, दोन उदाहरणे द्या. मी ही व्याख्या इतक्या वर्षांत इतक्या मुलांना लिहून दिली, आणि तिचं तिसरं उदाहरण माझ्या मुलीच्या केसांचं निघालं.

''हे डोक्यावर झालं असतं काकू,'' कुंदाताई हळू आवाजात म्हणाल्या. ''टाळू भाजली असती. केस हातात आले असते. पानानं वाटी तापत नाही. आता सांगा.''

मी सांगितलं. पुडी, आठवडी बाजार, तीनदा, तांदळाचा डबा, सगळं. आणि मग, लाज वाटते सांगायला, पण मला पहिली काळजी केसांची वाटली नाही. मी म्हणाले, ''मीनलला सांगू नका हो. तिचा माझ्यावरचा विश्वास उडेल.''

त्यांनी वाटी बेसिनमध्ये रिकामी केली. ''मले केसाचं खरं पाहिजे होतं, ते भेटलं. पोरीले सांगाचं का नाही, ते तुमचं तुमी पाहा. पण रोज घेऊन या तिले. आणि लग्नाच्या दिवशी केस जसे असन तसे. मी चमत्कार करून राहिली नाही.''

मीनल बाहेर आली तेव्हा तिला एवढंच सांगितलं गेलं, की सूत थकलं आहे, आज औषध नाही, आज तेल.

पुढचे पाच दिवस त्यांनी काय केलं, तर माझ्यासारख्या घाईच्या बाईला काहीच केलं नाही असं वाटावं. पुडीतले धातूचे क्षार केसांतून सुटावेत म्हणून कोमट तेल मुळापासून टोकापर्यंत चोळायचं, गरम टॉवेल गुंडाळायचा, तासभर वाट पाहायची, धुवायचं. पुन्हा तेल. रोज शेवटी एक बट वाटीत. पहिल्या दिवशी वाटी तापली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मी म्हणाले, की आता थोडंसं औषध लावून बघायला काय हरकत आहे, लग्न तोंडावर आलंय. कुंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि वाटी माझ्या हातात दिली. ती अजून गरम होती; मी तेल कोमट करायला ठेवलं. चौथ्या दिवशी कोमट. त्या पाच दिवसांत त्यांनी दोन नवऱ्या मुलींचं काम नाकारलं, कारण मीनलच्या वाटीजवळून त्यांना उठायचं नव्हतं. हे मला दुसऱ्या कुणाकडून कळलं. त्या सांगणाऱ्यातल्या नव्हेतच.

सहाव्या दिवशी बट वाटीत अर्धा तास पडून राहिली आणि वाटी थंडगार. कुंदाताईंनी वाटी गालाला लावली. तेवढाच त्यांचा आनंद.

मग रंग काढायचं औषध लावलं. त्याला सडक्या अंड्याचा वास. मीनल नाक दाबून बसली. पण खरं काम पुढे होतं. त्यांनी आधीच सांगितलं होतं, की हे औषध रंग सैल करतं, नेत नाही. न्यायचं पाण्यानं. धुणं अर्ध्यावर थांबलं तर सैल झालेला रंग तिथल्या तिथे पुन्हा काळा होतो. म्हणून त्या घड्याळ लावून धुवायच्या नाहीत. पाण्याचा रंग जाईपर्यंत, मग वास जाईपर्यंत, आणि मग तेवढंच आणखी. धुताना फोन वाजला तरी घ्यायचा नाही, कुणी दार ठोठावलं तरी जायचं नाही. हात मध्येच काढायचा नाही, हा त्यांचा नियम.

नागपूरचा मे. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हात भाजेल इतकं तापतं, म्हणून त्या पहाटेच दोन ड्रम भरून ठेवत. बेसिनमधून तपकिरी, मग जांभळं, मग चहासारखं पाणी वाहायला लागलं. एक ड्रम संपला. दुसराही संपत आला आणि पाणी अजून फिकट पिवळंच होतं. कुंदाताईंनी मान न वळवता म्हटलं, ''काकू, बादली घ्या. खालच्या टाकीतून.''

तर मला त्या पायऱ्यांचा आकडा असा ठाऊक झाला. एकोणीस उतरायच्या, एकोणीस चढायच्या, हातात बादली, पदर खोचलेला, गुडघे आपापली तक्रार करताहेत. इमारतीचा चौकीदार म्हणाला, बाई, मी देतो नेऊन. मी त्याला देऊ शकत होते. दिली नाही. सातवी बादली नेली तेव्हा कुंदाताई मीनलच्या मानेखाली हात धरून वाकून धूतच होत्या, त्यांच्या कोपरावरून पाणी गळत होतं आणि त्या पोरीला उमरेडच्या लडींची गोष्ट सांगत होत्या. नवव्या बादलीला पाणी स्वच्छ झालं. त्या म्हणाल्या, अजून चार. मी चार आणल्या.

खिडकीतल्या उन्हात मीनलचे केस वाळले तेव्हा ते काळे नव्हते, वाइनचे नव्हते. जुन्या पितळेवर चिंच घासल्यावर येतो तसा काहीसा तांबूस तपकिरी. कुठे गडद, कुठे फिका. कुंदाताईंनी दुसऱ्या दिवशी सौम्य रंगानं ते एकसारखे केले, खालची चार बोटं कापली. पण केस होते. कमरेला थोडे कमी, पण जिवंत. ओला केस त्यांनी ताणून पाहिला, तो परत जागेवर आला, आणि मला वाटलं की इतकी वर्षं शाळेत मी प्रयोग नुसते सांगितले, पाहिला हा पहिलाच.

लग्नात कुहीच्या विहीणबाई माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, ''पोरीनं ते फोटोतले लाल केस काहून बदलले वं? मले तर तेच आवडले होते.''

मी मीनलला सांगितलं नाही. लग्नानंतर सांगू म्हटलं, मग बाळंतपणानंतर, मग राहूनच गेलं. ती अजूनही मैत्रिणींना सांगते, की पार्लरच्या रंगावर मेंदी चढत नाही, आमच्या आईची शुद्ध मेंदीसुद्धा बिघडली. दर वेळी माझा तळहात गरम होतो.

गेल्या महिन्यात मीनलची लेक, माझी नात, फोनवर म्हणाली की तिला सुट्टीत केस निळे करायचे आहेत. मी म्हटलं, आधी कुंदाताईंना विचारू. गेले, तर पत्र्याची पाटी खाली उतरवून भिंतीला टेकवलेली. कुंदाताई खोकी भरत होत्या. इतकी वर्षं ओल्यात काम करून मनगटं सुजली होती, हात खांद्याच्या वर जात नव्हते. उमरेडला बहिणीकडे जाणार होत्या. पुढची पांढरी बट आता सगळीकडे पसरली होती.

त्यांनी खोक्यातून खाकी कव्हरची जुनी वही काढली, पान उघडलं आणि माझ्यापुढे धरलं. पांढऱ्या दोऱ्यात मीनलची बट, टोकाला हिरवट. 'केस म्हणाला' खाली त्यांचं टपोरं अक्षर: सुटी पुडी, तीन वेळ, वाटी गरम. 'बाई म्हणाली' खाली काहीच नव्हतं. सगळ्या वहीत तेवढीच एक जागा कोरी.

''तुमी दोन गोष्टी सांगितल्या होत्या काकू,'' त्या म्हणाल्या. ''कोणती लिहू, ते मले समजलं नाही.''

त्यांनी पेन दिलं. मी लिहिलं, 'शुद्ध. रामटेकची पानं.' मग त्याखाली लिहिलं, 'खोटं', आणि सही केली. निवृत्त शिक्षिकेची सही, पूर्ण नावानिशी. मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढला आणि थांबले तर पुन्हा चौदा वर्षं जातील म्हणून तसाच मीनलला पाठवून दिला.

नंतर हातांना काय करू सुचेना. मी म्हटलं, कुंदाताई, बसा, आज मी तुमचं डोकं धुते. त्या नको नको म्हणाल्या. मग खुर्चीकडे थोडा वेळ बघत राहिल्या आणि बसल्या. इतक्या वर्षांत त्या खुर्चीत त्या पहिल्यांदाच बसत असाव्यात, कारण डोकं मागे कुठे टेकवायचं ते त्यांना पटकन समजेना. मी मगानं पाणी घालायला लागले. डोळे मिटून त्या पाण्याचा आवाज ऐकत होत्या. ''कानामागं,'' एवढंच एकदा म्हणाल्या. ''धार तोडू नका.''

तेवढ्यात फोन वाजला. स्टुलावर होता, उजेडात, मीनलचं नाव दिसत होतं. मी हात काढला नाही. त्यांचाच नियम. फोन वाजून बंद झाला आणि पुन्हा वाजायला लागला.

''उचला काकू,'' कुंदाताई डोळे न उघडता म्हणाल्या. ''माझ्या डोक्यात उतरवासारखं काही नाही.''

मी पदराला हात पुसले. खिडकीतलं ऊन बेसिनवर आलं होतं, त्यात त्यांचे पांढरे केस पसरले होते, आणि खाली जाणारं पाणी पहिल्यापासूनच स्वच्छ होतं.